ॲं? इश्श! ऑ! अगंबाई! ए! : इंग्रजीचे पाच छोटे स्वर बालवर्गात कसे शिकवावेत

इंदूरच्या राजेंद्रनगरात घरच्या पुढच्या खोलीत बालवर्ग सुरू केला, त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. चार वर्षांच्या एका मुलापुढे मी तीन अक्षरं मांडली : सी, ए, टी. म्हटलं, "वाच बघू." तो खणखणीत आवाजात म्हणाला, "सी फॉर कॅट, ए फॉर ॲपल, टी फॉर टायगर." बरं, मग सगळं मिळून काय झालं? त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "टायगरनं कॅटला ॲपल दिलं."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. अक्षर म्हणजे एका चित्राचं टोपणनाव, असं मीच त्याला महिनाभर घोकून घेतलं होतं. अक्षर म्हणजे आवाज, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. तेव्हापासून मी उलट्या टोकाने सुरुवात करते, आधी कान, मग तोंड आणि सगळ्यात शेवटी अक्षर. नव्याने बालवर्ग घेणाऱ्या ताया, केजी वनमधल्या मुलांच्या आया आणि दुपारी नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या यांच्यासाठी ती रीत इथे लिहिते आहे. सामान फारसं लागत नाही. एक आरसा, एक ताटली, थोडा रवा आणि घरातल्याच दहा-बारा वस्तू पुरतात.

घोळ कुठे होतो

आपल्या वर्णमालेत स्वराचं नाव आणि त्याचा आवाज एकच असतो. इ चं नाव इ, आणि तो वाजतोही इ असाच. इंग्रजीत तसं नाही. 'ए' या अक्षराचा छोटा आवाज ॲ, 'ई'चा ए, 'आय'चा इ, 'ओ'चा ऑ आणि 'यू'चा अ. (या लेखात स्वराक्षराचं नाव अवतरणात दिलं आहे, आवाज मोकळा लिहिला आहे.) आता जरा मुलाच्या जागी बसून बघा. पहिल्या अक्षराचं नाव ए. पण ए हा आवाज मात्र भलत्याच अक्षराचा, आणि त्या अक्षराचं नाव ई! मोठ्या माणसालाही हे एका दमात सांगताना अडखळायला होतं.

ब्रिटिश उच्चारात स्वरांचे आवाज वीसच्या आसपास मोजतात आणि स्वराक्षरं मात्र पाचच. तेव्हा बालवर्गात त्यातले हे पाच छोटे आवाज तेवढे घ्यायचे. केक, बॉल, कार, बर्ड यांतल्या स्वरांच्या वाटेला अजून जायचं नाही, मग पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर 'बी फॉर बॉल' असलं तरी. त्या 'बॉल'मध्ये 'ए' हे अक्षर ऑ म्हणतं. पाच वर्षांच्या जिवाला हे आत्ताच कशाला सांगायचं?

अक्षर नावाने नाही तर आवाजाने शिकवायचं, ही काही माझी युक्ती नव्हे. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावर बोट फिरवतं आणि फिरवताना त्याचा आवाज काढतं. स्वर निळ्या पाटीवर असतात, व्यंजनं लाल किंवा गुलाबी पाटीवर. रंगांची ही कल्पना मी उचलली आहे, पुढे तिचा उपयोग येईल.

पहिली पायरी : आजीचे पाच उद्गार

पहिले दोन-तीन आठवडे अक्षर दाखवायचंच नाही. हे पाचही आवाज मराठी घरात रोज उठता-बसता कानावर पडतात, फक्त आपण ते मोजलेले नसतात. मी डोक्यावरून पदर घेते आणि आजी होते.

आजीला कमी ऐकू येतं : "ॲं? काय म्हणालास?" हा ॲ.
आजी लाजते : "इश्श! काहीतरीच तुझं." हा इ.
आजीला नवल वाटतं : "ऑ! एवढा मोठा झालास?" हा ऑ.
दूध उतू जातं : "अगंबाई!" हा अ.
आणि नातू अनवाणीच बाहेर धावतो : "ए, चप्पल घाल!" हा ए.

शेवटची हाक ओढायची नाही. "एऽऽऽ" अशी लांब हाक मारली तर तो मराठीतला ऐसपैस ए होतो. इंग्रजीतला छोटा ए तोकडा असतो, पटकन म्हणून सोडून द्यायचा. आपल्या लिपीत या तोकड्या ए ला वेगळी खूण नाही, म्हणून पेन आणि पेढा दोन्ही एकाच मात्रेने लिहितो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ही दोन वेगळी अक्षरं आहेत. ज्यांच्या घरी कानडी नातलग आहेत त्यांना हा फरक लगेच ऐकू येतो.

मुलांना हा खेळ इतका आवडतो की वर्ग सुटल्यावर अंगणात सगळे "इश्श, इश्श" करत फिरतात. फिरू द्या. मात्र एका दिवशी एकच उद्गार, आणि तो निदान तीन-चार दिवस चालवायचा. क्रम मी हाच ठेवते : ॲ, इ, ऑ, अ आणि सर्वांत शेवटी ए. कारण ए हा इ आणि ॲ यांच्या मधोमध बसलेला आवाज आहे. दोन्ही टोकं कानात पक्की बसल्याशिवाय मधला सापडत नाही. पुस्तकातल्या क्रमाने गेलात तर ॲ च्या पाठोपाठ लगेच ए येतो आणि दोघांची कायमची खिचडी होते.

आता आरसा. मुलाला हाताची पालथी बाजू हनुवटीखाली धरायला सांगा आणि सावकाश म्हणायला लावा : इ, ए, ॲ. हनुवटी हाताला ढकलत पायरी-पायरीने खाली येते. इ वरच्या पायरीवर, ए मधल्या, ॲ तळाला. मग ऑ म्हणताना ओठ गोल झालेले आरशात बघायचे. आणि अ म्हणताना काय होतं? काहीच नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "तोंड झोपलंय." तेव्हापासून आमच्याकडे अ चं नाव 'झोपलेला' असं पडलं आहे.

रोज किती वेळ? आठ-दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. आमच्याकडे सकाळी कचरागाडी गाणं लावून येते. ती गल्लीच्या तोंडाशी आल्यापासून आमच्या दारावरून पुढे जाईपर्यंत कानाचा खेळ चालतो, की संपला.

इंदूरच्या कानाची गोष्ट

इथे जरा थांबते, कारण पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत हे सापडणार नाही.

आपल्या गावची हिंदी ऐ ला सरळ ए करून टाकते. पैसा नाही, पेसा. बैठो नाही, बेठो. "केसे हो भिया?" त्याच ओघात ॲ सुद्धा ए होतो. बॅगची बेग, बॅटची बेट. आपण चवीने खातो ते खोपरा पेटिससुद्धा मुळात ॲ चंच. दुसऱ्या बाजूला ऑ चा आ होतो : डाक्टर, कालेज, आफिस. रिक्षावाले काका, शेजारची मुलं, दुकानदार, सगळ्यांकडून मुलाच्या कानावर हेच पडतं. तेव्हा मूल "बेग" म्हणालं तर ते चुकलं असं नाही, ते गावासारखं बोललं.

मराठी घर इथे उपयोगी पडतं, कारण घरात बॅट, बॅग, बँक हे शब्द ॲ नेच बोलले जातात. (आमचे आजोबा "ब्यांकेत जाऊन येतो" म्हणत, पण ती पिढी वेगळी.) लिपीही आपल्या बाजूने आहे. हिंदीच्या गाइडमध्ये बैट, कैट असं छापतात आणि इंदुरी माणूस ते बेट, केट असं वाचतो. मराठीत या आवाजासाठी चंद्र आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवली, तीत ॲ आणि ऑ हे दोन्ही स्वर रीतसर घेतले. म्हणून आई-आजीने स्वतःच्या सोयीसाठी वहीत उच्चार टिपून ठेवायचे असतील तर ते मराठीतच टिपावेत : कॅट, डॉग. अमराठी शेजारणीलाही मी हा चंद्र शिकवला आहे. ती आता भाजीच्या यादीतसुद्धा "कॅप्सिकम" असं चंद्र देऊन लिहिते.

टोकायचं मात्र नाही. मूल म्हणालं, "ताई, मेरी बेग," की आपण म्हणायचं, "हो, तुझी बॅग. निळी बॅग. बॅग कुठे ठेवू या?" एका वाक्याऐवजी तीन वेळा नीट आवाज त्याच्या कानावर पडला, आणि त्याला कमीपणाही आला नाही.

दुसरी पायरी : आवाजाला अक्षर

कान तयार झाला की अक्षर दाखवायचं. छोटी लिपी आधी. शाळा मोठ्या लिपीने सुरू करते आणि मग वाचायची वेळ येते तेव्हा सगळं पुस्तक छोट्या लिपीत असतं. ताटलीत पातळसा रवा पसरायचा, निळ्या खडूने पाटीवर अक्षर काढून शेजारी ठेवायचं, आणि मुलाने रव्यात बोटाने ते गिरवत "ॲं?" म्हणायचं. 'ए' हे नाव उच्चारायचंच नाही. "हे ॲ म्हणतं," एवढंच सांगायचं. नावं शाळा शिकवतेच.

चित्राच्या तक्त्याकडे मात्र जरा संशयाने बघा. बाजारातल्या तक्त्यांवर 'आय फॉर आइस्क्रीम' असतं, त्यात इ कुठेच नाही. 'ए फॉर एरोप्लेन', 'ई फॉर ईगल', 'यू फॉर युनिकॉर्न' हे सगळे आपल्या कामाचे नाहीत. 'ई फॉर एलिफंट' ऐकायला बरं वाटतं, पण मुलाला त्यात 'एल' हे वेगळंच अक्षर ऐकू येतं. इग्लू तर आमच्या मुलांनी कधी पाहिलेलं नाही आणि इंदूरच्या उन्हात पाहण्याची शक्यताही नाही. मी घेते ते असे : ॲ साठी ॲपल, इ साठी इडली आणि इंदूर, ऑ साठी ऑरेंज आणि दिव्याच्या बटणाचं ऑन-ऑफ, अ साठी अप (उचलून घे म्हणून हात वर करतात तेव्हा) आणि अंकल, ए साठी एको, म्हणजे प्रतिध्वनी. एग हा शब्द सगळ्यात सोपा, पण तो कुणाच्या घरी चालतो आणि कुणाच्या नाही हे आधी पाहून घ्या.

आणि मुलांच्या नावांपासून दूर राहा. ही चूक मी दोन वर्षं केली. वहीवर नाव लिहिलेलं असतं, मुलाला ते ओळखीचं असतं, म्हणून मोह होतो. पण आपण मराठी नावं इंग्रजीत लिहितो तेव्हा 'ए' हे अक्षर समीरमध्ये अ म्हणतं आणि राधामध्ये आ. रस्त्यावरच्या पाट्यांवर तेच : राजवाडा, पलासिया, खजराना. 'यू' म्हणावं तर उज्जैनमध्ये उ. इंदूर तेवढं नशिबाने सरळ आहे.

तिसरी पायरी : पाचखडी

'क-ॲ-ट, कॅट' असं तुकडे पाडून जोडायला लावतात. आपल्या मुलांचं इथेच अडतं, कारण आपल्या क मध्ये अ दडलेला असतो. मूल बिचारं "क… ॲ… ट…" म्हणतं आणि जोडल्यावर "कअॲट" होतं. मग आपण म्हणतो, त्याला जोडता येत नाही.

त्याला येतं, फक्त आपल्या पद्धतीने. व्यंजनाला स्वर आधीच चिकटवून म्हणायची सवय आपल्या भाषेत आहेच, तिचं नाव बाराखडी. मी बाराच्या जागी पाच घेते आणि तिला पाचखडी म्हणते : मॅ, मि, मॉ, म, मे. सॅ, सि, सॉ, स, से. तालावर, टाळी वाजवत, रोज एक. सुरुवात म, स, न यांनी करा, कारण हे आवाज लांबवता येतात : "म्‌ऽऽॲ", बघता बघता मॅ. प, ट, क लांबवता येत नाहीत, ते दुसऱ्या आठवड्यात. ब आणि ड यांची छोटी इंग्रजी अक्षरं आरशातल्या जोडीसारखी दिसतात, म्हणून त्यांच्यात निदान महिनाभराचं अंतर ठेवा.

पाचखडी तोंडात बसली की शेवटचं व्यंजन मागून लावायचं : मॅ-ट, मॅट. मॉ-प, मॉप. हे मुलांना अजिबात जड जात नाही, कारण 'घर', 'दूध' म्हणताना शेवटच्या व्यंजनातला अ आपण असाही गिळतोच. इंग्रजी शिकवणाऱ्या बऱ्याच अभ्यासक्रमांत एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी घेतात. तेवढ्यातच पॅन, टॅप, नॅप, सॅट, पिन, टिन, टिप, सिप असे पुष्कळ शब्द तयार होतात, आणि ॲ व इ हे आपले पहिले दोन स्वरही त्यांत येतात. बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं लिहा, स्वर निळ्या शाईने, व्यंजनं लाल शाईने. दोन लालांच्या मध्ये एक निळं झाकण सरकवायचं, की शब्द झाला.

वीट आणि पिन

आता मराठी मुलांची खास अडचण. ती मला फार उशिरा कळली. मुलं पिनला "पीन" म्हणत, बिनला "बीन", किटला "कीट". मला वाटायचं, ऐकण्यात गडबड आहे. मग एकदा कुणाला तरी मीठ मागताना माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. आपल्या शब्दांची चालच तशी आहे : मीठ, पीठ, वीट, तीळ, फूल, मूल. शेवटी व्यंजन आणि त्याच्या आधी इ किंवा उ असेल तर तो आपण लांबवतो. लिहितानाही नियम तोच आहे. मुलं पीन म्हणतात ती चांगलं मराठी बोलतात म्हणूनच.

मग उपायही मराठीतूनच काढायचा. तोच शब्द पुढे वाढला की स्वर आखडतो : तीळ, पण तिळाचा लाडू. मीठ, पण मिठाचा डबा. वीट, पण विटेवर. मुलांना हा फरक नियम न सांगता येतो. तर खेळ असा. मी म्हणते "तीळ", मुलं हात पसरतात. मी म्हणते "तिळाचा", मुलं हात जवळ आणतात. संक्रांतीच्या आसपास हा खेळ तिळगूळ वाटता वाटता फारच रंगतो. मग "पिशवी" म्हणायचं, त्यातला पि तेवढा तोडून हातात धरायचा, आणि त्याला न लावायचा : पि-न. हात जवळच राहिले पाहिजेत. बिनसाठी "बिबट्या" घ्या, किटसाठी "किती". बिन हा शब्द आमच्या मुलांना दाखवावा लागत नाही. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे प्रत्येकाच्या दारात असतात.

खरी पिन मात्र वर्गात आणू नका, चित्र पुरे.

शेवटची पायरी : एकच निळं झाकण बदलायचं

पाचही स्वर झाले की जोड्या. दोन टोकांची लाल झाकणं तशीच ठेवायची, मधलं निळं तेवढं बदलायचं. सोप्या जोडीने सुरुवात करा : कॅप-कप, फॅन-फन, हॉट-हट. यांतले दोन आवाज एकमेकांपासून बरेच दूर आहेत. मग पिन-पेन. आणि सगळ्यात शेवटी पॅन-पेन, बॅट-बेट, कारण इथे इंदुरी कानाची परीक्षा असते. बी आणि जी यांच्या मध्ये तर पाचही स्वर बसतात : बॅग, बिग, बॉग, बग, बेग. बॉग म्हणजे दलदल. अर्थ सांगितलात तर उत्तम, नाही सांगितलात तरी बिघडत नाही.

ऑ च्या दिवशी मी फळ्यावर हॉट आणि डॉग लिहिते. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत हॉट डॉग न खाल्लेलं मूल माझ्या वर्गात अजून आलेलं नाही. दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे आणि दोन्हींत तोच गोल ओठांचा ऑ. मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओत तो "हाट डाग" असा ऐकू येतो, कारण तिकडचा 'ओ' आ कडे झुकतो. दोन्ही बरोबरच आहेत. पण शिकवताना एकच धरा, आणि आपल्या शाळांत ऑ चालतो. त्यामुळे हे व्हिडिओ लावून आपण स्वयंपाकघरात जाणं या वयात फारसं कामाचं नाही. मुलाला तोंड दिसायला हवं, आणि तेही जवळच्या माणसाचं.

मुलाला खरंच वाचता येतंय की शब्द पाठ झालाय, हे ओळखायला खोटे शब्द द्या : मिब, पॅब, टॉब. परग्रहावरच्या माणसाचं नाव आहे म्हणायचं. वाचलं तर आवाज बसले. अडलं तर बिनदिक्कत एक पायरी मागे, पाचखडीकडे. उलट मूल एरवीच्या हाकांनाही ओ देत नसेल, किंवा सगळेच आवाज सारखे ऐकत असेल, तर अक्षरांचा नाद सोडून आधी कान तपासून घ्या.

पालकसभेत हमखास विचारतात, "शेजारच्या शाळेत तर मुलं वाक्यं लिहितात, आमचं अजून आरशातच बघतंय?" मी त्यांना सांगते की राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये पायाभूत टप्पा तीन ते आठ वर्षांचा धरला आहे. पाचव्या वर्षी छोटे पाच स्वर आले तर गाडी वेळेवर आहे. काहींना पटतं. काही पुढच्या महिन्यात मुलाचं नाव वर्गातून काढून घेतात.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आजीबरोबर थांब्यावर उभी होती. गाडी आली. तिने कपाळावरची पाटी वाचली आणि ओरडली, "आजी, किटी बस!" आजीने दुसऱ्या दिवशी येऊन मला लाजत सांगितलं की चुकीचं वाचते हो. मी म्हटलं, इ आला, अ आला, क सुद्धा आम्ही शिकवला तसाच आला. सी कधीकधी स म्हणतो, ते केजी टूमध्ये बघू.